हातचा एक

कार्डपेपरवर नऊ ओळी झाल्या आणि तरी खाली वीतभर जागा उरली, तिथून ही गोष्ट सुरू होते.

डोंबिवली पूर्वेला, फडके रोडच्या मागच्या गल्लीत, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आठवीतली एक मुलगी शाळेच्या प्रदर्शनासाठी तक्ता करत होती. २२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिवस. तो राष्ट्रीय गणित दिवस म्हणून साजरा होतो आणि तिच्या शाळेत त्या दिवशी वर्गावर्गांतून तक्ते लागतात. कुणी पायथागोरस घेतला होता, कुणी शून्याचा इतिहास. हिने एक संख्या घेतली होती, आणि त्या संख्येपर्यंत चढत जाणारा जिना.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं करत करत नवव्या ओळीत नऊ एक्के गुणिले नऊ एक्के, आणि उत्तर १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. एकापासून नऊपर्यंत चढायचं आणि त्याच पायऱ्यांनी खाली उतरायचं. सगळ्या ओळी मधोमध धरून एकाखाली एक लिहिल्या की देवळासमोरच्या दीपमाळेसारखा आकार होतो, वर निमुळता, खाली रुंद. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एक, दश, शतपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. त्या यादीत या संख्येचा पहिला एक ‘मध्य’ या सतराव्या स्थानावर बसतो. परार्धाच्या अलीकडचं एकच स्थान! मुलीने तेही कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं.

पण तिचा खरा अभिमान वेगळा होता. या संख्यांना डेम्लो संख्या म्हणतात आणि हे डेम्लो म्हणजे तिचंच गाव. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर, मुंबईपासून तीस मैलांवर डेम्लो नावाचं स्थानक होतं, तेच आजचं डोंबिवली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना या संख्यांचा शोध घ्यायची कल्पना सुचली ती या स्थानकावर, म्हणून त्यांनी संख्यांना स्थानकाचंच नाव दिलं. हे कापरेकर डहाणूत १९०५ साली जन्मले, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर होते. पदवीच्या पुढचं गणिताचं शिक्षण त्यांनी घेतलेलं नव्हतं. शाळेच्या नोकरीतून उरलेल्या वेळात ते आकड्यांत रमत. जगाला ते ६१७४ या संख्येमुळे माहीत झाले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं. रोज लाखो माणसं ज्या फलाटांवरून धावतात, तिथे कुणी एकाने थांबून एक्क्यांचे वर्ग मांडावेत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या मुलीलाही वाटली असणार, कारण तक्त्याच्या डोक्यावर तिने ठळक अक्षरांत ‘आपल्या स्टेशनची संख्या’ असं लिहिलं होतं.

आणि नवव्या ओळीखाली, लाल स्केचपेनने: ‘हा नमुना कधीच मोडत नाही.’

स्केचपेन पुसता येत नाही. हे तिला नंतर जाणवलं.

वीतभर जागा रिकामी बरी दिसेना, म्हणून तिने दहावी ओळ लिहायचं ठरवलं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दहा एक्के गुणिले दहा एक्के केलं तर पडद्यावर १.२३४५६७९, पुढे ‘ई’ आणि अठरा. एवढी मोठी संख्या त्या चिमुकल्या चौकटीत मावत नव्हती. मग तिने चौकटीची वही घेतली, पान आडवं धरलं आणि हाताने गुणाकार मांडला. एक्क्यांचा गुणाकार म्हणजे नुसतं लिहीत जायचं काम. दहा ओळी, प्रत्येकीत दहा एक्के, प्रत्येक ओळ एकेक घर डावीकडे सरकलेली. मग बेरीज.

उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१.

तिने पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा पेन्सिलीला टोक काढून, पान बदलून केलं. तेच. उतरती बाजू अगदी शिस्तीत होती, नऊपासून एकापर्यंत. चढती बाजू मात्र सातापर्यंत नीट चढून एकदम नऊवर उडी मारत होती. आठ गायब. आणि शिखर जिथे असायला हवं तिथे दोन शून्यं, पडक्या बुरुजाच्या भगदाडासारखी.

संध्याकाळी मैत्रीण आली. ती तक्त्याची भागीदार होती, सजावटीची बाजू तिच्याकडे. तिने दहाव्या ओळीकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “ही ओळ घालायचीच नाही. नऊवर थांबू. खाली एक वेल काढते मी, जागा भरून जाईल.”

“पण आपण लिहिलंय ना, कधीच मोडत नाही म्हणून.”

“मग? दहा एक्क्यांचा गुणाकार करून कोण बघणार आहे?”

ते खरं होतं. कुणी बघणार नव्हतं. मैत्रिणीने वेलाची पहिली दोन पानं पेन्सिलीने काढलीसुद्धा आणि घरी गेली.

आजी खिडकीशी बसून मटार सोलत होती. ती एका पतपेढीत सव्वीस वर्षं रोखपाल होती. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी दुधाचा हिशोब ती अजून कीर्द लिहावी तसा लिहिते, जमा डावीकडे, नावे उजवीकडे. मुलींचं बोलणं तिने ऐकलं होतं. ती लगेच काही बोलली नाही. परातीत शेंगा संपेपर्यंत थांबली, आणि मग म्हणाली, “इकडे ये. तुला दोनशे सत्तर रुपयांची गोष्ट सांगते.”

“नोकरी लागून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. संध्याकाळी रोकड मोजली तर कीर्दीपेक्षा दोनशे सत्तर रुपये जास्त. कमी आले असते तर मी रात्रभर शोधले असते, खिशाला खार लागला असता ना! पण जास्त होते. तुझी आई दीड वर्षाची, शेजारच्या काकूंकडे ठेवलेली, आणि साडेसहाची गाडी गाठायची. मी ते पैसे पाकिटात घालून खणात ठेवले, कीर्द जुळवली, सही केली. मनात म्हटलं, उद्या बघू.”

“मग?”

“उद्याचा परवा झाला. आठ-दहा दिवसांनी एक भाजीवाली आली. रोज टोपली उतरवून थोडे थोडे पैसे भरणारी. मुलीची फी भरायला पैसे काढायचे होते. मी शिल्लक सांगितली तर म्हणाली, ‘बाई, मला वाटलं थोडे जास्त असतील. पण तुम्ही लिहिलंय म्हणजे माझंच मोजायला चुकलं असेल.’ आणि पासबुक पदरात गुंडाळून निघाली. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.”

आजीने परातीतली टरफलं उगाचच एका बाजूला केली.

“खण उघडला. पाकीट तिथेच होतं. दोनशे सत्तर. त्याला नवाने भाग जातो का बघ.”

“तीस वेळा.”

“फरकाला नवाने भाग गेला की आकडे उलटसुलट पडलेत का ते आधी बघायचं, हे मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. दोन मिनिटांचं काम होतं ते. खतावणी काढली. तिने भरले होते सहाशे तीस. मी लिहिले होते तीनशे साठ. तिला जिन्यात गाठली, बसवली, चूक दुरुस्त केली, व्यवस्थापकांना सांगितलं. सगळं निस्तरलं. पण ‘माझंच चुकलं असेल’ हे तिचं वाक्य राहिलं ते राहिलंच. मी फरक लपवला नव्हता गं, नुसता खणात ठेवला होता. पण तो तिच्या खात्यात जाऊन बसला होता.”

मुलगी आपल्या वहीकडे पाहत राहिली. “पण माझी तर चूकच झालेली नाही. तीन वेळा केलंय.”

“असेल. मग तो खरा फरक आहे. त्यालाही खणात नाही ठेवायचं. आधी ताळा घे बघू.”

ताळा म्हणजे नवाचा ताळा. आता शाळेत तो फारसा कुणी शिकवत नाही, पण हिशोब हाताने होत तेव्हा दुकानदाराच्या गादीपासून शाळेच्या बाकापर्यंत सगळे तो घेत. संख्येतले अंक मिळवायचे, आलेल्या उत्तराचे अंक पुन्हा मिळवायचे, एक अंक उरेपर्यंत. दहा एक्क्यांची बेरीज दहा, दहाची एक. एक गुणिले एक, एक. म्हणजे उत्तराचा ताळाही एक यायला हवा. मुलीने बोटांनी अंक मोजले. चढत्या बाजूचे सदतीस, दोन शून्यं, उतरत्या बाजूचे पंचेचाळीस. ब्याऐंशी. आठ आणि दोन दहा. एक.

“जुळला!”

“जुळला म्हणजे बरोबरच आहे असं नाही. माझे सहाशे तीस आणि तीनशे साठ, दोन्हींचा ताळा नऊच. उलटे पडलेले आकडे ताळ्याला दिसत नाहीत. म्हणून ताळा घ्यायचा आणि डोळ्यांनीही बघायचं. वरच्या ओळींच्या बेरजा किती येतात?”

वरच्या ओळींच्या बेरजा मुलीला पाठ होत्या, त्याही तिने तक्त्यावर लिहिल्या होत्या. १, ४, ९, १६, २५, असं करत नवव्या ओळीची ८१. प्रत्येक बेरीज म्हणजे त्या ओळीच्या क्रमांकाचा वर्ग.

“मग दहावीची शंभर हवी होती. आली ब्याऐंशी. अठरा रुपये कमी आहेत तुझ्या कीर्दीत. कुठे गेले?”

हा प्रश्न फार चांगला होता. शाळेत ‘कारण सांगा’ असं विचारतात तेव्हा मुलं पाठ केलेलं कारण सांगतात. पण अठरा रुपये हरवले म्हटल्यावर ते शोधावे लागतात. मुलीने वहीचं आडवं पान पुढ्यात ओढलं आणि उभी घरं एकेक करून मोजायला लागली. उजवीकडून पहिल्या घरात एक एक्का, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन. नवव्यात नऊ. बरोबर मधल्या, दहाव्या घरात दहा. मग पुन्हा नऊ, आठ, सात.

“आजी, मोडलेलं नाहीये काही! इथे शिखर आहे. दहा आहे शिखरावर.”

“मग लिहीत का नाहीस?”

“एका घरात दहा मावत नाहीत ना. शून्य मांडायचं आणि…” ती थांबली. पेन्सिलीचं टोक एक घर डावीकडे सरकलं. “एक हातचा. तो शेजारच्या नवाला मिळाला. नऊचे दहा झाले. तिथेही शून्य, एक हातचा. तो आठाला मिळाला. आठ हरवला नाही. आठाचा नऊ झाला.”

“आणि अठरा?”

मुलीने थोडा वेळ घेतला. मग तिला दिसलं. प्रत्येक हातच्याच्या वेळी एका घरातून दहा जातात आणि शेजारी एकच पोचतो. कागदावरच्या अंकांतून नऊ कमी होतात, संख्येतून काहीच नाही, कारण शेजारच्या घरातला एक इथल्या दहांच्याच तोलाचा. दोन हातचे, दोन नव्वे अठरा. कीर्द पै न् पै जुळली.

आता हे सगळं इथेच संपलं असतं तरी चाललं असतं. तक्त्यावर दहावी ओळ आली असती, शेजारी हातच्याचं कारण आलं असतं. पण तक्त्याची उजवी बाजू अजून अर्धी होती. तिथे कापरेकर संख्या यायच्या होत्या. त्यांचा खेळ असा: संख्येचा वर्ग करायचा, त्याचे दोन तुकडे करायचे, ते मिळवायचे, मूळ संख्या परत आली तर ती कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५. वीस आणि पंचवीस, पंचेचाळीस. २९७ चा वर्ग ८८२०९. अठ्ठ्याऐंशी आणि दोनशे नऊ, दोनशे सत्त्याण्णव. मूळ संख्येत जितके अंक, तितके उजव्या तुकड्यात ठेवायचे.

जेवणं झाल्यावर मुलीने डावी बाजू उजवीकडे नेऊन पाहिली. एका माणसाने शोधलेल्या या दोन गोष्टी एकमेकींना ओळखतात का, एवढंच तिला बघायचं होतं. १२१ चे तुकडे केले, १ आणि २१. बेरीज २२. मूळ ११ काही परत आले नाहीत. १२३२१ चे तुकडे १२ आणि ३२१. बेरीज ३३३. तिने भुवया उंचावल्या. १२३ आणि ४३२१, ४४४४. १२३४ आणि ५४३२१, ५५५५५. ती आता बसून लिहीत नव्हती, उभी राहून लिहीत होती. नवव्या ओळीला आली तेव्हा काय येणार हे तिला आधीच ठाऊक होतं: १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९९. नऊ नव्वे.

पुढची ओळ दहावी. दोन, तीन, चार, करत नऊपर्यंत आलो. आता दहाचा अंक कुठून आणायचा? मुलीने आजीकडे पाहिलं. आजी चष्मा पुसत होती.

तुकडे केले, १२३४५६७९० आणि ०९८७६५४३२१. उजव्या तुकड्यात दहा अंक हवेत म्हणून पुढचं शून्य सोबत घेतलं. भगदाडासारखी दिसणारी ती दोन शून्यं आता एकेका बाजूला गेली. बेरीज उजवीकडून सुरू केली. एक आणि शून्य, एक. दोन आणि नऊ अकरा, एक, हातचा एक. तीन आणि सात दहा आणि हातचा एक, अकरा. सगळ्या घरांत एकेक एक्का पडत गेला.

११११११११११.

दहा एक्के. ज्या संख्येचा वर्ग केला, तीच परत आली होती. पहिल्या ओळीतला एकटा एक सोडला तर वरच्या कुठल्याच देखण्या ओळीला हे जमलं नव्हतं. मोडकी म्हणून जी वेलाखाली झाकायची होती, तीच कापरेकर संख्या निघाली.

अकरावी ओळ तिने करून पाहिलीच. तिचं उत्तर १२३४५६७९०१२०९८७६५४३२१, दिसायला दहावीपेक्षाही ओबडधोबड. तुकडे १२३४५६७९०१ आणि २०९८७६५४३२१. बेरीज अकरा वेळा दोन. म्हणजे गाडी नऊवरून एकावर येऊन पुन्हा दोनावर निघाली होती.

“आजी, तुझ्या ताळ्यासारखंच आहे हे. नऊनंतर दहा नाही, पुन्हा एक.”

“ताळाच आहे तो,” आजी म्हणाली. “थोरला ताळा. आपण दहाचे तुकडे मिळवतो कारण दहातून नऊ टाकले की एक उरतो. तू हजाराचे तुकडे मिळवलेस म्हणजे हजारातून नऊशे नव्व्याण्णव टाकलेस. आता बघ, एकशे अकरा गुणिले एकशे अकरा म्हणजे एकशे अकराच्या एकशे अकरा जुड्या. नऊ जुड्यांचा एक भारा, नऊशे नव्व्याण्णवाचा. भारे बाजूला काढत गेलीस तर शेवटी सुट्या जुड्या किती?”

“एकशे अकराला नवाने भागलं की बाकी तीन.”

“तीन जुड्या. तीनशे तेहेतीस. आणि दहा एक्क्यांना नवाने भागलं तर?”

“बाकी एक. एक जुडी.” मुलीने स्वतःशीच मान हलवली. “आणि नऊ एक्क्यांना बाकी शून्य, म्हणून तिथे एकही सुटी जुडी नाही, अख्खा भाराच राहिला. नऊ नव्वे!”

रात्री अकराला तिच्या आईने दिवा घालवायला सांगितलं तेव्हा तक्त्यावर चार गोष्टी बदलल्या होत्या. वेलाची दोन पानं खोडरबराने पुसली गेली होती. दहावी ओळ पूर्ण लिहिली होती, आणि एकोणीस अंक झाल्यामुळे ती परार्धाच्याही पुढे गेल्याची नोंद कोपऱ्यात वाढली होती. उजव्या बाजूला बेरजांचा दुसरा जिना उभा राहिला होता. आणि लाल वाक्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली होती: ‘हा नमुना नऊ ओळी दिसतो. दहावीत हातचा येतो. खालचा नमुना तरीही चालू राहतो, शेजारी पाहा.’ पट्टीखालचं लाल ‘कधीच’ उजेडात अंधूक दिसत होतं. तिने ते दिसू दिलं.

सकाळी मैत्रीण आली, तिने सगळं वाचलं आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, “बाराव्या ओळीला तीन येतात?” दोघींनी शाळेत जाता जाता, रिक्षाच्या रांगेत उभं राहून, वहीच्या मागच्या पानावर करून पाहिलं. आले. बारा वेळा तीन. सजावटीची बाजू सांभाळणाऱ्या मैत्रिणीने तक्त्याच्या कडेला एक खिळा ठोकायची परवानगी बाईंकडून मिळवली, त्याला दोरीने एक पेन्सिल बांधली आणि खाली चौकटीच्या कागदांचा गठ्ठा ठेवला. ही कल्पना पूर्णपणे तिची.

प्रदर्शनाला गर्दी होती. बहुतेक लोक नऊ ओळी पाहून “वा” म्हणत पुढे जात होते. दुपारी एक गृहस्थ थांबले, मुलाला घ्यायला आलेले असावेत, हातात भाजीची पिशवी. त्यांनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला आणि दहाव्या ओळीवर बोट ठेवलं.

“बाळ, इथे चूक झालीय. आठ राहिला लिहायचा. आणि ही शून्यं कशी आली मध्येच?”

“काका, तुम्हीच करून बघा ना,” मुलगी म्हणाली आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिली.

त्यांनी घड्याळ पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि पिशवी बाकाखाली सरकवली. कागद आडवा घेतला. एक्क्यांच्या ओळी एकाखाली एक सरकत गेल्या. अक्षर जुन्या वळणाचं होतं. मग ते उजवीकडून बेरजेला लागले, ओठ हलत होते. एक. दोन. तीन. मागे दोन मुलं येऊन उभी राहिली. आठ. नऊ.

पेन्सिल मधल्या घरावर थांबली.

“दहा,” ते म्हणाले.

मैत्रिणीने मुलीचा हात घट्ट धरला. दोघींपैकी कुणीच काही बोललं नाही.

“दहा आले की शून्य…” त्यांनी शून्य मांडलं, आणि डावीकडच्या घराच्या डोक्यावर, शाळेत शिकवतात तसा, एक बारीक एक लिहिला.